आधी निदान, मग ड्रायव्हर
(केंद्र संमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



शाळेच्या संगणकावर लिनक्स प्रणाली आहे, त्यास जोडलेला वेबकॅम चालत नाही, आणि आपणांपैकी कोणीही तज्ज्ञ नाही. अशा वेळी काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. एका शाळेत मुलांचा दुसऱ्या गावच्या मुलांशी संवाद ठरला होता. मी कॅमेरा जोडला. त्याचा दिवा लागला, पण पडद्यावर अंधार. ड्रायव्हर नसावा असे ठरवून मी दुपारभर इंटरनेटवरून मिळेल ते संगणकात भरीत राहिलो. संवादाची वेळ टळून गेली. अखेर पाचवीतील एक मुलगी हळूच म्हणाली, "साहेब, त्याच्या डोळ्यावर झाकण आहे." दिवा लागला होता, म्हणजे ड्रायव्हर बहुधा काम करीतच होता! नाडी न पाहता मी औषध दिले होते.

ड्रायव्हर हा कॅमेरा व संगणक यांमधील दुभाषी होय. पूर्वी निरनिराळ्या कॅमेऱ्यांची भाषा निरनिराळी असे. फ्रान्समधील एका डॉक्टरांनी दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांसाठी असे दुभाषी लिहून सर्वांस विनामूल्य दिले. दरम्यान यूव्हीसी ही समाईक भाषा ठरली. २००८ साली तिचा ड्रायव्हर आणि त्या डॉक्टरांचे कार्य, दोन्ही लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. म्हणून आजच्या बहुतेक यूएसबी कॅमेऱ्यांस वेगळा ड्रायव्हर बसवावा लागत नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१. झाकण व तार पाहावी. कॅमेरा दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावा.

२. टर्मिनल उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच लहान रोमन अक्षरे सलग टंकित करावीत व एंटर दाबावे. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. कॅमेरा काढून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. जी ओळ नाहीशी होईल ती कॅमेऱ्याची. यादीत काहीच फरक न पडल्यास दोष बहुधा तारेत, खाचेत वा कॅमेऱ्यातच असतो. ड्रायव्हर शोधणे व्यर्थ.

३. ओळ दिसते पण चित्र नाही, तर दुसऱ्या प्रोग्रॅमने कॅमेरा अडविला आहे काय, ब्राउझरमध्ये परवानगी दिली आहे काय, हे पाहावे.

४. त्यानंतर प्रणाली अद्ययावत करून संगणक पुन्हा सुरू करावा. नव्या गाभ्याबरोबर नवे ड्रायव्हर येतात.

५. तरीही न जमल्यास त्या ओळीतील आयडी, म्हणजे कोलनच्या दोन्ही बाजूंची चार-चार अक्षरे, वहीत उतरवून जाणकारास कळवावी.

'सुडो' या शब्दाने आरंभ होणारी आज्ञा सामान्यतः संगणकाचे सर्वाधिकार वापरते. अर्थ समजल्यावाचून ती देऊ नये.

बंधुभगिनींनो, न येणारी गोष्ट मुलांसमक्ष शिकण्यात कमीपणा मानू नका. त्या दिवशी मी मुलांना आधीच जवळ बोलाविले असते, तर तो संवाद हुकला नसता. पुढील भेटीत आपल्या शाळेची ती वही मी आवर्जून पाहीन.