जळत्या जहाजावरचं लेकरू



पोवाडा म्हटला की डफाची थाप आणि शाहिराचा चढा आवाज आठवतो. कोण लढलं, कोण पडलं, गड कुणी घेतला, ते सगळं त्यात येतं. समुद्रावरच्या लढायांचीही अशी गाणी देशोदेशी झाली. आज आम्ही सांगणार आहोत अशाच एका लढाईवरच्या कवितेबद्दल. ती लिहिली एका बाईनं.

१ ऑगस्ट १७९८. इजिप्तमध्ये, नाईल नदीच्या मुखाजवळ अबुकीरच्या खाडीत फ्रेंच आरमार नांगर टाकून उभं होतं. संध्याकाळी इंग्रजांच्या नेल्सननं हल्ला केला. फ्रेंचांच्या १३ मोठ्या जहाजांपैकी फक्त २ निसटली. त्यांच्या सगळ्यात मोठ्या जहाजाला, १२० तोफांच्या 'लोरियां'ला आग लागली. ती दारूकोठारापर्यंत पोचली आणि रात्री दहाच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. कप्तान कासाबियांका आणि त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा, दोघंही त्या लढाईत गेले.

इंग्लंडमध्ये विजयाची गाणी निघाली. अशी गाणी तेव्हा सुट्या कागदावर छापून रस्त्यावर स्वस्तात विकत. त्यांत नेल्सनचा जयजयकार होता.

मग १८२६ साली फेलिशिया हेमन्स या इंग्रज कवयित्रीनं 'कासाबियांका' ही कविता लिहिली. फेलिशियाला पाच मुलगे. नवरा इटलीला निघून गेला, तो परत नांदायला आला नाही. तिनं लेखणीवर घर चालवलं. देशप्रेमाच्या कविता तिनंही लिहिल्या होत्या. पण इथं तिनं जिंकणाऱ्याला सोडून शत्रूच्या लेकराकडे पाहिलं.

कवितेत जहाज पेटलंय, बाकीचे पळालेत. मुलगा जागचा हलत नाही, कारण बापानं तिथं थांबायला सांगितलंय. तो पुन्हापुन्हा हाक मारतो, "बाबा, जाऊ का?" बाप खाली निपचित पडलाय, त्याला ऐकूच जात नाही. हुकूम देणारा उरला नाही, तरी हुकूम पोराला धरून ठेवतो.

पुढं ही कविता इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यानपिढ्या पाठ करून घेतली. आज्ञा पाळणारं मूल म्हणजे शूर मूल, असा धडा त्यातून दिला गेला. मुलं मात्र कंटाळून तिची विडंबनं करत.

आम्हाला ती वाचून दुसरंच वाटतं. त्या पोराच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. पण "आग लागली तर थांबू नको, पळ," हे त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आपणही पोरींना सांगतो, "मोठ्यांनी सांगितल्याशिवाय हलायचं नाही." मग संकट आलं, मोठं माणूस जवळ नसलं, तर ती पोर काय करील?

पोवाडे गाऊच, पोरांना शौर्य शिकवूच. त्यासोबत आपला जीव ओळखून पाऊल उचलायलाही शिकवू. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्याला येणारं एक लढाईचं गाणं म्हणावं. मग सगळ्यांनी मिळून विचारावं, यात कुणाचं लेकरू राहून गेलं? ते सापडलं, तर त्याच्यासाठी एक ओवी आपणच जोडू.