टाळकऱ्यांची नाटक कंपनी

(शहापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : कॉलेजातला गाणारा-नाचणारा नाटकाचा ग्रुप पंचक्रोशीची नाटक कंपनी कसा होईल? आपल्या शहापूर-मुरबाडकडे गुणांची वानवा कधीच नव्हती. विद्यापीठाचा युवा महोत्सव आला की इथली मुलं समूहगान, लोकनृत्य, प्रहसन, एकांकिका घेऊन उतरतात आणि शहरातल्या कॉलेजांना घाम फोडतात. बक्षीस मिळतं, फोटो निघतात, स्टेटसला लागतात. मग तिसऱ्या वर्षाचा निकाल लागतो आणि ग्रुप पांगतो. पेटीवाला कल्याणला नोकरीला लागतो, नायिकेचं लग्न ठरतं, दिग्दर्शक पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला लागतो. जून उजाडला की पुन्हा पाटी कोरी.

यावर मला एकच गोष्ट सांगायची आहे. ग्रुप टिकतो तो त्यातल्या हिऱ्यांच्या जोरावर टिकत नाही. नवा माणूस आत यायला दार किती मोठं आहे, यावर तो टिकतो. आणि गाण्याच्या नाटकात ते दार आयतंच असतं. त्याचं नाव कोरस.

पुण्याची गोष्ट घेऊ. १९५१ साली तिथे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, उभी राहिली. भालबा केळकर तिचे आधारस्तंभ, श्रीराम लागू सुरुवातीच्या मंडळींतले. भालबांची नजर कॉलेजांच्या नाटकांवर असे. तिथला चुणचुणीत मुलगा हेरायचा आणि संस्थेत आणायचा, ही त्यांची रीत. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी, सतीश आळेकरही कॉलेजच्या रंगमंचावरूनच आले. या पोरांच्या पिढीने १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची.

त्यात काय होतं, ते जरा जवळून पाहा. पडदा नाही, महाल नाही, पेशव्यांच्या पुण्याचा पत्ता सांगणारा एक खांबसुद्धा नाही. बारा ब्राह्मण एका रांगेत उभे राहतात, गातात, डुलतात. तीच रांग भिंत होते. प्रेक्षकांकडे पाठ केली की भिंतीमागे जे चाललंय ते झाकलं जातं. दोघं जरा बाजूला सरकले की दार उघडतं. मध्येच रांग मोडते आणि तिचा बाजार होतो, वाडा होतो, खवळलेला जमाव होतो. कीर्तन, दशावतार, खेळे, तमाशा हे सगळं त्या रांगेच्या पायात आणि गळ्यात होतं. नाना फडणवीस आणि त्यांचा कोतवाल घाशीराम लक्षात राहतातच, पण नाटक खांद्यावर वाहून नेते ती रांग.

आता नाटकवाल्याच्या नजरेने हिशेब करा. नायक आजारी पडला तर प्रयोग रद्द करावा लागतो. बाराजणांच्या रांगेतला एक गळला तर बाकीचे अकराजण नव्याला सांभाळून घेतात. त्याला पाठांतर थोडं असतं; सूर शेजाऱ्याकडून मिळतो, पाऊल पुढच्याचं बघून पडतं. काही प्रयोग तो असा रांगेत काढतो, आणि एक दिवस त्याच्या तोंडी वाक्य येतं. ‘घाशीराम’ जवळजवळ वीस वर्षं चाललं, १९८०मध्ये युरोपात जाऊन आलं. इतकी वर्षं कुठल्याही हौशी संस्थेत तीच माणसं राहत नाहीत. माणसं बदलली तरी नाटक राहिलं, याचं मोठं श्रेय मी त्या रांगेला देतो.

कोणी म्हणेल, कोरस म्हणजे भरतीची माणसं. साफ चूक. रांगेतल्या एकाचा पाय चुकला की भिंतीला भगदाड पडतं आणि ते शेवटच्या बाकावरून दिसतं. कोरसाची तालीम नायकाच्या तालमीपेक्षा कडक लागते. फरक इतकाच, की कोरसात शिकताना माणूस एकटा पडत नाही.

हे शिकायला तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही. आपल्या गावच्या भजनी मंडळाकडे बघा. मुरबाड-शहापूरकडच्या कित्येक गावांत मंडळ आजोबांच्या काळापासून चालू आहे. युवा महोत्सव नाही, ट्रॉफी नाही, बहुतेकांकडे नोंदणीही नाही. मग ते टिकलं कसं? नवा पोरगा देवळात आला की कोणी त्याची ऑडिशन घेत नाही. टाळ हातात देतात. तो मागे उभा राहून ध्रुपद ओढतो. वर्षभराने चाल अंगात मुरते, मग एखाद्या एकादशीला बुवा म्हणतात, ‘आज तू म्हण.’ ज्याचा हात चांगला, तो पखवाजाकडे सरकतो. सप्ताहाला नोकरीवरचे, मुंबईला गेलेले सगळे परत येतात आणि आपापल्या जागी उभे राहतात. गाव सोडलं म्हणून कोणाचं नाव कमी होत नाही. कॉलेजच्या ग्रुपात नेमकं उलटं. तिथे आधी निवड होते, पंधरा घेतात आणि चाळीस परत पाठवतात. ते चाळीस पुढे प्रेक्षक म्हणूनसुद्धा येत नाहीत.

अर्थात मंडळालाही मर्यादा आहेत, त्या लपवायला नकोत. बायकांचं भजन वेगळं बसतं. कातकरी वाडीवरचा मुलगा अनेक गावांत देवळाच्या पायरीपर्यंतच येतो. नाटक कंपनी काढायची तर भजनी मंडळाची पद्धत घ्यावी, त्याचं कुंपण घेऊ नये.

पुन्हा पुण्याकडे. ‘घाशीराम’वर वादळ उठलं. नाना फडणवीसांची बदनामी आहे, ब्राह्मणांवर रोख आहे, असे आरोप झाले. १९ प्रयोगांनंतर पीडीएने प्रयोग थांबवले. मुलांसमोर दोन वाटा होत्या : गप्प घरी बसायचं, नाहीतर स्वतःचं घर बांधायचं. २७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं. मातृसंस्था वाईट होती, असं मी म्हणत नाही. तिनेच या मुलांना घडवलं. पण मोठ्या घराच्या आश्रयाने वाढणाऱ्या ग्रुपला कधीतरी ‘पुरे’ असं ऐकावं लागतं. तुमच्या बाबतीत ते कदाचित इतकं नाट्यमय नसेल. प्राचार्य बदलतील, कपडेपटाच्या खोलीत नवी संगणक प्रयोगशाळा येईल, इतकंच. त्या दिवशी ग्रुपला स्वतःचं नाव, स्वतःची पेटी आणि स्वतःचं बँक खातं असेल तर तो उभा राहील.

थिएटर अकॅडमीकडून आणखी दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, ते एका नाटकावर बसून राहिले नाहीत. १९७४मध्येच आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं, कीर्तनाचा बाज घेऊन. १९७८मध्ये पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आलं. १९८६पासून जर्मनीतल्या ग्रिप्स थिएटरच्या धर्तीवर मुलांसाठी नाटकं सुरू झाली. दुसरं नाटक दुसऱ्या माणसाने बसवलं, की ग्रुप एका दिग्दर्शकाची मालमत्ता राहत नाही. दुसरी गोष्ट पोटाची. जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत होते, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात नोकरीला. नाटकाने कोणाचं घर चालवायचं नव्हतं, म्हणून नाटकाला कोणापुढे वाकावं लागलं नाही. इथल्या मुलांना मी हेच सांगेन : एमआयडीसीतली शिफ्ट करा, शेती करा, डी.एड. करा, आणि नाटक करा.

‘पण ते पुणं होतं’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून खेड्यातले दाखले देतो. जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या राजकुमार तांगडे या शेतकरी लेखकाने लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२मध्ये आलं. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगतांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि रंगमंचावर जालन्याकडची शेतकरी पोरं. शाहिरी गळ्यांचं ते नाटक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत हाऊसफुल्ल चाललं. भाषा त्यांनी शहरी केली नाही. शहरच त्यांच्या भाषेला टाळ्या वाजवत होतं.

आपल्याच जिल्ह्यात, ठाण्यात, रत्नाकर मतकरींच्या पुढाकाराने आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने २०१४मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू झाला. वस्त्यांमधली मुलं आपलेच विषय घेऊन नाटुकली लिहितात, बसवतात आणि ‘नाट्यजल्लोष’ या महोत्सवात सादर करतात. मतकरी २०२०मध्ये गेले. ज्या मुलांच्या हातात त्यांनी कागद दिला होता, ती मुलं आहेत.

आणि पार पूर्वेला, गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजकडे झाडीपट्टीची रंगभूमी आहे. धान घरात आलं की तिचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, पहाटेपर्यंत, वाद्यं प्रत्यक्ष वाजतात आणि लोक तिकीट काढून येतात. तिथल्या मंडळींनी शेतीचं वेळापत्रक ओळखलं आणि नाटक त्याच्यात बसवलं.

आपलंही वेळापत्रक भाताचंच आहे. मृगात पेरणी, आषाढात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. म्हणजे झाडीपट्टीसारखा कार्तिकानंतरचा हंगाम आपल्यालाही सोयीचा. पण इथे एक मेख आहे. कापणी उरकली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भरगच्च हंगाम हिवाळ्यात धरला तर कंपनी आपोआप त्यांच्याशिवायची होते. कोणी कोणाला नाही म्हटलेलं नसतं, तरी होते. म्हणून माझं म्हणणं असं, की वर्षाचं एक नाटक भादव्यातलं असावं. लावणी संपलेली असते, गौरी-गणपतीचे नाच अंगात असतात, वाड्या भरलेल्या असतात. ठाकरांचा ढोल, कातकऱ्यांची गाणी, कुणब्या-आगऱ्यांचं भजन हे सगळं एका रांगेत तेव्हाच उभं राहू शकतं. दुसरं नाटक यात्रांच्या दिवसांतलं. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा गावी यात्रा भरते, बैलबाजार भरतो. इतके प्रेक्षक एका जागी तुम्हाला कुठलं नाट्यगृह देणार आहे?

तालमीची वेळसुद्धा कलेने ठरत नाही, एसटीने ठरते. मुरबाडला रेल्वे नाही. शेवटची गाडी चुकली की मुलगी घरी कशी जाणार, हा प्रश्न आईबापांनी विचारला तर तो मागासलेपणा नाही. तालीम कॉलेजात एकाच ठिकाणी न घेता कोरसाचे तुकडे करा. आसनगाव-खर्डीचा तुकडा तिकडच्या शाळेत, धसईकडचा धसईत, आणि रविवारी सगळे एकत्र. गाणं असल्यामुळे हे जमतं. चाल फोनवर रेकॉर्ड करून पाठवता येते, संवादांची तालीम तशी होत नाही.

विषयांचं काय? तानसा धरण १८९२पासून मुंबईला पाणी पाजतंय, पुढे भातसा धरण आलं. आणि याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडे आहेत. इतकं मोठं नाटक समोर असताना परराज्यातल्या राजकन्येची गोष्ट कशाला शोधायची? २ जानेवारी १९४३ला मुरबाडच्या हद्दीत सिद्धगडावर स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. पाणी मुंबईला, वीज मुंबईला. दोन काळांची दोन नाटकं एकमेकांशी बोलतात की नाही, ते तुम्ही पोरांनी ठरवा. मी फक्त बोट दाखवतो.

आता कागद. तो कंटाळवाणा वाटतो, पण कागदावाचून कंपनी उभी राहत नाही. संस्था नोंदणी अधिनियम १८६०खाली सात जण लागतात, आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. या सातांत निदान तीन बायका आणि निदान दोन माणसं वाड्यांवरची ठेवा. पहिल्या दिवशी ठेवली नाहीत तर पुढे ठेवायला भांडावं लागतं. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्या. दुसऱ्याचं नाटक केलंत तर लेखकाची परवानगी आणि मानधन बुडवू नका. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा आहे, तीत उतरा. पण स्पर्धेसाठी नाटक बसवून स्पर्धेनंतर मोडू नका. गावात दहा प्रयोग झालेलं नाटक स्पर्धेत न्या. तिथे हरलात तरी अकरावा प्रयोग गावात ठरलेला असेल.

कॉलेजच्या प्राध्यापकांना एक विनंती. यंदा निवड करताना पंधराची यादी लावाल, ती लावा; एकांकिकेला निवड लागतेच. पण उरलेल्या चाळीस जणांना परत पाठवू नका. त्यांच्यात गेल्या वर्षी पास झालेले, भातशेती करणारे आणि देवळातले दोन पखवाजी मिसळा, आणि एकच गाणं बसवायला द्या. तुमचे पंधरा जण तीन वर्षांनी निघून जातील. तेव्हा नाटक कोणाच्या हातात असेल, ते या गाण्याच्या तालमीला कोण-कोण आलं त्यावर ठरणार आहे. ती तालीम येत्या आषाढात लावणी उरकली की सुरू करा. जागा मिळत नसेल तर देवळाचा सभामंडप मागा; सप्ताह नसताना तो रिकामाच असतो.