पगार, पिशवी आणि पोषण

(महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही थोड्या पैशांत सकस बाजार कसा करावा, या विषयावर बोलणार आहोत. व्यासपीठावरून शिक्षण, संघटना, नोकरी यांवर बोलावे. डाळ-तांदूळ हा काय भाषणाचा विषय, असे कोणाला वाटेल. आमचे मत वेगळे आहे. कामगाराजवळ भांडवल असते ते त्याच्या शरीराचे. ते शरीर घडते किंवा खचते ते महिन्याच्या बाजाराच्या पिशवीवर. अभ्यासाला बसलेल्या मुलाचे डोके चालते तेही त्याच पिशवीवर.

हा विषय आपल्या चळवळीलाही परका नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसून मजुरांचे प्रश्न सोडवावेत, या त्रिपक्षीय पद्धतीला त्यांनी बळ दिले. त्याच पद्धतीच्या भारतीय श्रम परिषदेचे पंधरावे अधिवेशन १९५७ साली झाले. किमान वेतन कसे ठरवावे याचे सूत्र तेथे मान्य झाले. त्या सूत्रात पहिले कलम अन्नाचे होते. कमावत्या माणसामागे तीन खाणारी माणसे धरावीत आणि आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांनी सांगितल्याप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला २७०० उष्मांक देणारा आहार मिळावा, असे ठरले. कपडा, घरभाडे, इंधन ही कलमे त्यानंतर आली. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी त्यात आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. तेव्हा पगारातला अन्नाचा वाटा ही काही मालकाची मेहेरबानी नव्हे. तो हिशेबाने ठरलेला आपला हक्क आहे. मात्र हक्काचा पैसा हातात आल्यावर तो अन्नावरच जातो की वाटेतच गळतो, हे पाहणे आपले काम आहे.

आपल्या या पट्ट्याचा इतिहास कामगारांनीच लिहिला. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली एम.आय.डी.सी. स्थापन झाली आणि पिंपरी, भोसरी, आकुर्डीच्या माळावर भोंगे वाजू लागले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगर भागांतून अनेक कुटुंबे इकडे आली. त्या वर्षी खाल्लेली सुकडी आणि लाल मिलोची भाकरी आपल्यातले वयोवृद्ध अजून विसरलेले नाहीत. आता कारखाने चाकण, महाळुंगेपर्यंत पसरले आहेत. पोटाला अन्नच नाही, अशी स्थिती आज बहुतेक घरांत नाही. पण पोट भरते आणि शरीर उपाशी राहते, ही नवी स्थिती आली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पाच वर्षांखालील मुलांत तर हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होते. हे आकडे आपल्या गल्लीचेही आहेत असे समजूनच पुढे जाऊ या.

प्रथम किती लागते ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली माणशी रोजच्या आहाराचे माप दिले आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. डाळींच्या मापात अंडी, मासे, मटण हेही येते. हे माप २००० उष्मांकांचे आहे. अंगमेहनत करणाऱ्याला याहून जास्त लागेल, लहान मुलाला कमी. पण चार माणसांच्या घराचा अंदाज काढायला ते पुरे आहे. महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये सुमारे १० किलो, तेल सव्वातीन किलो आणि भाजी रोज दीड किलोच्या वर.

आता आपापल्या घरची गेल्या महिन्याची यादी आठवावी. धान्य बहुधा पुरेसे असेल. तेल मापापेक्षा जास्तच असेल. साखर, चहापत्ती, बिस्किटे, फरसाणही असेल. डाळ मात्र १० किलो होती काय? पालेभाजी किती दिवस होती? आपली पिशवी नेमकी येथे हलकी पडते.

या ठिकाणी रेशनचा विचार केला पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे मोफतच राहील असे केंद्राने जाहीर केले आहे. म्हणजे चौघांच्या घरी ३० किलोपैकी २० किलो धान्याला पैसा पडत नाही. हा जो पैसा वाचतो तो कोठे जातो? तो डाळीकडे, अंड्याकडे, भाजीकडे गेला तर रेशनचा खरा लाभ झाला. तो रंगीत पुडीकडे गेला तर सरकारने धान्य दिले आणि आपण ताकद विकली. आमच्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

चाकण भागात खोल्या घेऊन राहणाऱ्या कंत्राटी कामगारांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कार्ड गावाकडचे आहे म्हणून रेशन सोडू नये. आधारशी जोडलेल्या कार्डावर आता आपण राहतो तेथल्या दुकानात अंगठा देऊन आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते, उरलेले घरची माणसे गावी उचलू शकतात. कार्डावरील प्रत्येकाची ई-केवायसी झाली आहे ना, एवढे पाहावे. दुकानदार नाही म्हणाला तर वाद घालण्यापेक्षा १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रेशनच्या तांदळात थोडे वेगळ्या रंगाचे दाणे दिसतात. ते प्लास्टिकचे समजून काही भगिनी निवडून टाकतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून हे दाणे बनवतात व १०० किलोत १ किलो असे टाकतात. २०२४ च्या मार्चपर्यंत सरकारी योजनांचा सगळा तांदूळ असा करण्यात आला होता. असे दाणे दिसले तर टाकू नयेत.

आता डाळीकडे वळू. डाळ म्हटले की आपल्याला तूर आठवते आणि नेमकी तीच बहुधा महाग असते. हरभरा, मसूर, मटकी, चवळी, वाटाणा यांतही शेकडा २० ते २५ भाग प्रथिने असतात. शेंगदाण्यात साधारण २५, तर सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम. म्हणून दर आठवड्याला भाव पाहून जे कडधान्य स्वस्त असेल ते घ्यावे. आपल्या आया-आज्यांनी भाकरीबरोबर पिठले, भाताबरोबर आमटी आणि मटकीची उसळ घातली, त्यात मोठे शहाणपण होते. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही एका ताटात आली की प्रथिने पूर्ण होतात. मांसाहारी घरांनी सुकट-बोंबील आणि कलेजी यांना कमी लेखू नये. त्या गरिबांच्या वस्तू म्हणून हिणवल्या गेल्या, पण पोषणात कोणत्याही महाग वस्तूला हार जाणाऱ्या नाहीत.

धान्यातही निवड आहे. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमही लोह नसते, बाजरीत ६ च्या आसपास असते. नाचणीतले कॅल्शियम तर दुधाच्या दुपटीहून अधिक. ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली आहे, पण आठवड्यातून तीन दिवस बाजरीची भाकरी आपल्याला परवडू शकते. मावळातल्या इंद्रायणीचा अख्खा तांदूळ महाग वाटला तर तुकडा घ्यावा. दाणा मोडल्याने पोषण मोडत नाही.

भाजी हे आपल्या भागाचे वैभव आहे. चाकणच्या महात्मा फुले मार्केट यार्डात खेड तालुक्याचा कांदा-बटाटा येतो आणि मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक यांच्या जुड्या शेकड्याच्या भावाने विकल्या जातात. मोशीचा उपबाजार आहे, पिंपरीची शास्त्री मंडई आहे. ठोक बाजारातला भाव आणि दारावरच्या हातगाडीचा भाव यांत मोठी तफावत असते. एकट्या घराला शंभर जुड्या नकोत हे खरे, पण दहा घरांनी मिळून आणल्या तर प्रत्येकी दहाच होतात. पावसाळ्यात पालेभाजी महागते तेव्हा मोड आलेली कडधान्ये, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला कामाला येतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या आदिवासी भगिनी टाकळा, कुरडूसारख्या रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. ती पाटी त्यांच्या घरची मजुरी आहे.

आता गळती कोठे होते ते पाहू. पहिली गळती लहान पुडीची. पाच रुपयांच्या कुरकुरीत पुडीत समजा १० ग्रॅम माल निघाला, तर किलोला ५०० रुपये पडले. त्यापेक्षा खूप कमी भावात शेंगदाणे व फुटाणे येतात. विद्यार्थ्यांनी हे गणित घरी जरूर करावे. पाकिटावर वजन, तारीख आणि बऱ्याचदा ग्रॅममागे पडणारी किंमत छापलेली असते, ती आईला वाचून दाखवावी. शिकलेल्या मुलाचा घराला एवढा तरी उपयोग व्हावा. खोलीवर राहणाऱ्यांनीही दोन वडापाव आणि तीन कप चहावर दिवस काढण्यापेक्षा उकडलेली अंडी, केळी, फुटाणे-गूळ जवळ ठेवावेत.

दुसरी गळती उधारीची. वहीवर माल घेणारा भाव विचारत नाही आणि दुकान बदलू शकत नाही. शक्य झाले तर एका महिन्याची उधारी तीन महिन्यांत थोडी थोडी फेडून मोकळे व्हावे आणि पगाराच्या दिवशी यादी करून रोखीने बाजार करावा. यादीत डाळ, कडधान्य, शेंगदाणे वर लिहावेत. साखर, मैदा, फरसाण शेवटी. पैसे संपले तर खालच्या वस्तू गळाव्यात, वरच्या नव्हेत.

तिसरी गोष्ट सुट्या मालाची. धान्य, डाळी सुट्या घेण्यात नुकसान नाही. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद धान्यावर ५ टक्के कर लागला, सुटे धान्य त्यातून वगळले गेले. तेल मात्र सुटे घेऊ नये. भेसळीच्या धोक्यामुळे त्याच्या विक्रीला कायद्यानेच मनाई आहे. हळद, तिखट उन्हाळ्यात आख्खे आणून कांडपावर कुटून घ्यावे.

भगिनींनो, आता थोडे आपल्या ताटाविषयी. बाजार चांगला झाला, पण घरातली बाई शेवटी जेवायला बसली आणि तिच्या वाट्याला आमटीचे पाणी आले, तर त्या बाजाराचा काय उपयोग? वर सांगितलेल्या ५४ टक्क्यांत त्याचाही वाटा असतो. मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या ताटात डाळ आणि अंडे सारखे वाढले गेले पाहिजे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते. भाजीला लोखंडी कढई वापरावी. तपासणीत रक्त कमी निघाले तर केवळ आहारावर न थांबता दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगासाठी, चौथा अडचणीच्या वेळेसाठी. कंत्राटी कामगाराच्या घरी एका भागात पोट भरत नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी वेतनाची लढाई चालूच राहिली पाहिजे. काटकसर शिकवून कमी पगाराचे समर्थन करावे, हा आमचा हेतू नाही. पण मिळकत मोजून, विभागून, विचाराने खर्च करावी ही शिकवण लहान पगारालाही लागू आहे.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, महिला बचत गटांनी महिन्यातून एकदा यार्डातून आणि ठोक बाजारातून कडधान्य व भाजी एकत्र आणून वाटून घ्यावी. तराजू विहारात ठेवावा, हिशेब भिंतीवर लावावा. दुसरी, विद्यार्थ्यांनी दर रविवारी तीन ठिकाणचे भाव फळ्यावर लिहावेत. तिसरी, विहाराच्या आवारात शेवग्याची चार झाडे लावावीत. त्यांचा पाला ज्याला लागेल त्याने न्यावा.

कारखान्यात यंत्राला तेल कोणते घालायचे हे आपण काटेकोरपणे पाहतो. ते यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या ताटाकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहू या. येत्या पगाराला यादी करताना डाळ पहिल्या ओळीत लिहिली गेली तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.