अनुदान की काम? हा प्रश्नच चुकीचा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



"अपंगांना घरबसल्या पैसे दिले की ते काम सोडतात," असे गावात आणि कचेरीत सर्रास बोलले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात काम करताना मला वेगळेच दिसते. इथली अपंग बाई काम सोडत नाही, ती काम लपवते.

का लपवते ते पाहू. संजय गांधी निराधार योजनेत ४० टक्के अपंगत्व असेल तर अनुदान मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून ते महिन्याला १,५०० चे २,५०० रुपये झाले. चांगलेच झाले. पण अट आहे ती कुटुंबाच्या उत्पन्नाची, वर्षाला ५०,००० रुपये. आता हिशेब करा. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. नवरा-बायकोने मिळून १६१ दिवस काम केले की मर्यादा ओलांडली! नवऱ्याच्या मजुरीने बायकोचा हक्क जातो.

मग ती हजेरीपटावर नाव लावत नाही. मोहफूल वेचते, रोवणीला जाते, तेंदूची पुडकी बांधते. नोंद होते नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर. पैसाही त्यांच्याच हातात जातो. अनुदान वाचते, पण मजूर म्हणून तिची ओळख पुसली जाते.

सिकलसेल असलेल्या बाईचे हाल आणखी वेगळे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत हा आजार धरला. पण टक्के मोजतात एका दिवशी आणि दुखणे येते-जाते वर्षभर. ती आठ दिवस रोवणी करेल, नवव्या दिवशी हाडे दुखून उठणार नाही. अशा बाईने अनुदान सोडून नियमित कामाची जोखीम का घ्यावी? काम सुटले तर पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा चकरा.

आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आणि साधनाताई आमटे यांनी आनंदवन उभे केले. तिथे कुष्ठरोग्यांना उपचार, निवारा आणि काम एकाच जागी मिळाले. शेती, हातमाग त्यांनीच चालवले. आधार मिळाला म्हणून हात थांबले नाहीत. आधार होता म्हणून हात चालले. सरकारी योजना मात्र आधार आणि काम यांत भिंत घालते.

म्हणून आपल्या मागण्या अशा: उत्पन्न बाईचे स्वतःचे धरा, कुटुंबाचे नको. काम मिळताच अनुदान तोडू नका, आणि काम सुटले तर नव्या अर्जाशिवाय ते सुरू करा. २०१६ च्याच कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांत अपंगांना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. ते प्रत्यक्षात मागा.

आणि एक काम आपले. गावी गेलात की प्रत्येक अपंग बाईला विचारा: तू काय काय काम करतेस, आणि ते कोणाच्या नावावर लागते? तिची संमती असेल तरच लिहून घ्या, तिचे अनुदान धोक्यात येता कामा नये. पण विचारा जरूर. घरात हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेला नसतो.