इंदूरचा इंजिनिअर आणि आपली मराठी
(स्मरणसभेतील भाषण)



आपल्या सभांमध्ये बहुधा ठराव, निवेदने आणि कोर्टाच्या तारखा यांचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. ८६५ गावांचा प्रश्न आहे आणि २००४ साली दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. परंतु आज आम्ही उभे आहोत ते एका इंजिनिअरची आठवण काढण्यासाठी. त्यांचे नाव अरुण दाते.

गायक म्हणून त्यांना कोण ओळखत नाही? पण ते शिकलेले कापड इंजिनिअर होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. मध्ये त्यांनी टेक्स्टाइलचे शिक्षण घेतले आणि अनेक वर्षे त्याच व्यवसायात नोकरी केली. गुलबर्ग्याच्या एम.एस.के. मिलचा भोंगा ऐकत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको की, कापडाच्या धंद्यातली नोकरी म्हणजे काही आरामाचे काम नव्हे. ती सांभाळून, संसार सांभाळून हा माणूस गात होता.

त्यांचा जन्म ४ मे १९३४ चा, इंदूरचा. मूळ नाव अरविंद. घरात म्हणत अरुण, आणि तेच नाव पुढे महाराष्ट्रभर झाले. दाते घराणे आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेले. वडील रामूभैया मोठे रसिक. कुमार गंधर्व, पु. ल. देशपांडे अशा मंडळींशी त्यांचा घरोबा. घरात हसणे-खिदळणे, खाणे-पिणे आणि गाणे. अशा घरात मुलाला भाषेचा वेगळा क्लास लावावा लागत नाही. धाकटे दाते कुमारांकडे शिकले, पुढे के. महावीर यांच्याकडे शिकले. १९५५ पासून आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर गाऊ लागले, ते मात्र उर्दू गझला.

आता आम्हांला जे सांगायचे आहे ते इथे आहे. संगीतकार श्रीनिवास खळे यांनी त्यांना मराठी गाणे गायला बोलावले, तेव्हा दाते यांनी आधी नकार दिला. कारण काय? मी इंदूरचा, माझ्या मराठीवर हिंदीची छाया, माझे उच्चार महाराष्ट्रातल्या लोकांना कसे चालतील?

मंडळी, हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? आपली मुले भालकीच्या, बीदरच्या, गुलबर्ग्याच्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन पुण्याला जातात. तिथे एखाद्याने सवयीने "काय करलालाव?" म्हटले की चारजण हसतात. त्या दिवसापासून मुलगा मित्रांत हिंदी बोलतो, ऑफिसात इंग्रजी बोलतो, आणि मराठी उरते ती फक्त आईच्या फोनपुरती. बाहेरच्या कोणत्याही सरकारने जेवढे नुकसान केले नसेल तेवढे ही लाज करते. आपल्या बोलीत कन्नड आहे, दखनी उर्दू आहे. शेकडो वर्षांच्या शेजाराचे ते देणे आहे. त्यात कमीपणा कसला?

दाते शेवटी गायले. १९६२ साली 'शुक्रतारा' हे गीत आले आणि मराठी भावगीताला नवा आवाज मिळाला. त्या गाण्यामागची माणसे बघा. गायक इंदूरचा. संगीतकार खळे लहानाचे मोठे झाले बडोद्यात. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा यांची मातृभाषा मराठी नव्हे. कवी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. आणि दात्यांना स्वर देणारे कुमार गंधर्व? ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले. म्हणजे ज्या गाण्यावर पुण्या-मुंबईने जीव टाकला, ते बहुतांशी काठावरच्या आणि बाहेरच्या माणसांनी घडवले. कन्नड भाषेशी आपले भांडण नाही, हे आपण नेहमी सांगतो. कुमारांसारखा दाखला हाताशी असताना ते अधिक अभिमानाने सांगता येते.

पुढे याच नावाने 'शुक्रतारा' हा कार्यक्रम त्यांनी सुरू केला आणि त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. बंधू रवी दाते तबलानवाज. चिरंजीव अतुल दाते यांनी कार्यक्रमाची परंपरा पुढे चालवली. आजोबा, मुलगा, नातू, तीन पिढ्या एका आनंदात गुंतलेल्या. ६ मे २०१८ रोजी मुंबईत दाते गेले, वय ८४.

दाते हे काही चळवळीचे कार्यकर्ते नव्हते. पण इंदुरात मराठी टिकली ती अशा घरांमुळे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपली गावे कोणत्या राज्यात गेली, हे आपल्या हातात नव्हते. आपल्या दिवाणखान्यात संध्याकाळी कोणती भाषा हसते, हे आपल्याच हातात आहे.

म्हणून ठरावाऐवजी आज एक विनंती. बीदर असो, औराद असो, बसवकल्याण असो की आळंद, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमावे. शेजारच्या कन्नड कुटुंबालाही बोलवावे. भजी तळावीत, गाणी म्हणावीत, मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे आणि उच्चार सुधारत बसू नये. मुलांना मराठीचे कर्तव्य आपण पुष्कळ शिकवले. आता तिची मजा शिकवू या.

या दिलखुलास इंजिनिअरला आमची हीच आदरांजली.