विश्वास उडाल्यावर पुन्हा शटर उघडताना

कुणी बसमध्ये असाल, कुणी ऑफिसच्या कॅबमध्ये, आणि कुणी रात्री झोप येत नाही म्हणून कानात इअरफोन घालून पडला असाल. आजचा एपिसोड खास त्या शेवटच्या मंडळींसाठी आहे, कारण मी सहा-सात महिने हेच केलंय.

मागच्या एका एपिसोडमध्ये मी सहज बोलून गेलो की आमचं बंद पडलेलं पोळी-भाजी केंद्र मी परत सुरू केलंय. त्यावर बरेच मेसेज आले. भांडवल कुठून आणलं, लोन काढलं का, जागा कशी मिळाली. खरं सांगू? पैसे उभे करणं अवघड होतंच. पण त्याहून अवघड होतं ते पुन्हा कुणाच्या तरी हातात किल्ली देणं. आज त्याबद्दल बोलतो. यात माझी एक मोठी चूक आहे, तीही सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी बीटेक केलं आणि पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. २०२२ मध्ये ऑफिसं परत उघडायला लागली तेव्हा हिंजवडीच्या बाजूला डब्यांना चांगली मागणी होती. मी आणि माझा एक कॉलेजचा मित्र, आम्ही एक छोटा गाळा भाड्याने घेतला. मी माझे अडीच लाख घातले आणि नोकरी चालू ठेवली. तो पूर्णवेळ धंदा बघणार, असं ठरलं. कुठे ठरलं? चहाच्या टपरीवर. कागद काही नाही. "आपल्यात कसला कागद?" हे वाक्य त्याचं नव्हतं बरं का, माझंच होतं.

गल्ल्यावर जो क्यूआर कोड लावला तो त्याच्या पर्सनल खात्याचा. कारण करंट अकाउंट उघडायला कागदपत्रं लागतात, आणि आम्हाला सोमवारी चालू करायचं होतं. "नंतर बदलू." तो नंतर कधी आलाच नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. एका ऑफिसला आम्ही रोज ४० डबे द्यायचो, ७० रुपयाला एक, महिन्याचे २२ दिवस. पैसे महिन्याच्या शेवटी. त्यांनी दोन महिने थकवले, म्हणजे १ लाख २३ हजार, आणि एक दिवस ते ऑफिसच तिथून गेलं. आमच्याकडे लेखी ऑर्डर नव्हती, सगळं फोनवर. आणि हे पैसे शोधता शोधता मी पहिल्यांदा नीट हिशोबाला बसलो, तर मित्राच्या खात्यात आलेले आणि धंद्यात दिसणारे पैसे यात जवळजवळ ९० हजारांचा फरक निघाला. विचारलं तर आधी चिडला, मग रडला, मग फोन उचलणं बंद. त्याच्या घरी आजारपण होतं हे मला पुढे कळलं. अडचण खरी होती. पण मला सांगितलं नाही, हेही खरंच.

सप्टेंबर २०२३ मध्ये शटर खाली ओढलं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मोकळेपणाने सांगतो, कारण आपण मुलं हे बोलत नाही. पहाटे तीनला जाग यायची. मोबाईल घ्यायचा, बँकेचं ॲप उघडायचं, बॅलन्स बघायचा. बॅलन्स तोच असायचा. परत बघायचा. ऑफिसमध्ये कुणी साधं म्हणालं की "हे मी बघतो", तरी मनात यायचं, हा नक्की बघणार आहे का? एकदा छातीत धडधड इतकी वाढली की बाबा मला डॉक्टरकडे घेऊन गेले. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे, झोपेचं काय ते बघा," आणि त्यांनी समुपदेशकाकडे पाठवलं.

तिथे मला दोन कामाच्या गोष्टी मिळाल्या. पहिली, काळजीची वेळ ठरवायची. म्हणजे संध्याकाळी सात ते साडेसात बसून काळजी करायची, वही घेऊन. रात्री विचार आला की त्याला सांगायचं, उद्या सातला ये. ऐकायला येडपटपणा वाटतो ना? मलाही वाटला होता. पण दोन-तीन आठवड्यांनी फरक पडला. दुसरी गोष्ट, त्या वहीत दोन रकाने. एकात उद्या मी काही करू शकतो अशा गोष्टी, दुसऱ्यात ज्याबद्दल काहीच करता येत नाही अशा. गाळ्याच्या मालकाशी डिपॉझिटचं बोलणं, हे पहिल्या रकान्यात. मित्राने असं का केलं, हे दुसऱ्यात. माझी निम्मी झोप त्या दुसऱ्या रकान्याने खाल्ली होती.

तर २०२४ च्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, मी परत शटर उघडलं. या वेळी भागीदार नाही. स्वयंपाकाला पूर्वीच्याच मावशी, डबे पोचवायला एक मुलगा, आणि हिशोब मी. सुरुवात फक्त ३० डब्यांची.

आणि उघडायच्या आधी मी काय केलं असेल? कॅमेरे लावले. एक गल्ल्यावर, एक शटरपाशी आणि एक सरळ ओट्यावर. ॲप मोबाईलमध्ये. सकाळी आमची टीमची मीटिंग चालू असायची, अर्ध्या स्क्रीनवर सहकारी आणि अर्ध्या स्क्रीनवर मावशी कणीक मळतायत. किती तेल घातलं, किती गॅस जळतोय, फोनवर किती वेळ बोलल्या. मला वाटायचं, मी आता हुशार झालोय. आता कोणी मला फसवू शकत नाही.

मे महिन्यात एका दुपारी मी बघितलं, मावशींनी इकडे तिकडे पाहिलं आणि काहीतरी पिशवीत टाकलं. माझ्या कानशिलात एकदम गरम झालं. तिथल्या तिथे फोन लावला. "मावशी, पिशवीत काय टाकलंत?"

त्या एक क्षण गप्प. मग म्हणाल्या, "उरलेल्या चपात्या हायत दादा. तुम्हीच म्हणाला होता न्या म्हणून."

हो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं आणि मीच हो म्हणालो होतो. विसरलो.

मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. सॉरीसुद्धा म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. फोन बंद. सकाळी साडेनऊला मी ३४ लोकांना मेसेज करत होतो की आज डबा मिळणार नाही, क्षमस्व. त्यातल्या सहा जणांनी त्याच दिवशी कायमचा बंद केला.

संध्याकाळी आईला घेऊन त्यांच्या घरी गेलो. एकट्याने जायची हिंमत नव्हती, खरं सांगतो. मावशींनी पाणी दिलं, चहा टाकला. रागावल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "दादा, तुम्हाला एवढं बघायचं असंल तर समोर येऊन बसा की. वरून डोळा लावला की हात थरथरतो माझा." आणि मग म्हणाल्या, "त्यानं पैसं खाल्लं, ते माझंबी खाल्लं. शेवटच्या महिन्याचा पगार अजून मिळाला न्हाई मला. तरी मी परत आलेच ना?"

मंडळी, मला हे माहीतच नव्हतं. शटर बंद झालं तेव्हा मी माझे अडीच लाख मोजत होतो, ऑफिसची थकबाकी मोजत होतो. मावशींचा नऊ हजारांचा पगार राहिलाय का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मित्र देईल असं धरून चाललो होतो. म्हणजे त्यांच्या बाजूने बघितलं तर फसवणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो. आणि तरी त्यांनी माझ्यावर परत विश्वास टाकला होता. मी मात्र ज्याने फसवलं त्याचा राग, जिने फसवलं नाही तिच्यावर काढत होतो.

आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दारात चप्पल काढताना एवढंच म्हणाली, "त्यांचे पैसे आज रात्रीच पाठव."

पाठवले. दुसऱ्या दिवशी ओट्यावरचा कॅमेरा काढला. गल्ल्यावरचा आणि शटरचा ठेवला, आणि तो का ठेवलाय हे मावशींना आणि त्या मुलाला समोर बसवून सांगितलं. मावशी चार दिवसांनी परत आल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, डोळे झाकून विश्वास ठेवायचा? अजिबात नाही. एकदा पोळलोय ना! पण इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे नवीन इंजिनिअर आला की पहिल्या दिवशी त्याला सगळ्या डेटाबेसची परवानगी मिळत नाही. थोडी मिळते, मग वाढत जाते. कोणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. आणि कुणाला त्यात अपमान वाटत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा आहे. मॅनेजरच्याही नावाने नोंद पडते. मी धंद्यात नेमकं उलटं केलं होतं. आधी सगळी परवानगी आणि नोंद शून्य, आणि नंतर परवानगी शून्य आणि वरून पाळत.

मग आम्ही जे बदललं ते सांगतो. उपयोग होईल तेवढं घ्या.

एक, पैशाचा रस्ता. फर्मच्या नावाने करंट अकाउंट, क्यूआर त्याचाच, आणि गल्ल्यावर साउंडबॉक्स. पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून डबा नेणारे लोक आहेत, म्हणून नियम साधा. स्क्रीनशॉट बघायचा नाही, आवाज आला की डबा. यात डबे देणाऱ्या मुलाला ग्राहकावर संशय घ्यावा लागत नाही आणि मला त्या मुलावर.

दोन, किरकोळ खर्च. मावशींकडे दर सोमवारी दोन हजार रुपये असतात. कोथिंबीर, मिरची, अचानक संपलेलं मीठ. बिल असेल तर बिल, नसेल तर वहीत एक ओळ. रविवारी आम्ही दोघं मिळून वही बघतो. आणि मी गल्ल्यातून शंभर रुपये घेतले तरी माझ्या नावाने ओळ पडते. पहिल्या रविवारी मावशींनीच माझी चूक पकडली, ८० रुपयांची. काय हसल्या!

तीन, उधारी. नवीन ऑफिसला पहिला आठवडा रोख. मग सात दिवसांची उधारी. दोन महिने नीट गेले तर पंधरा दिवस. त्याच्या पुढे नाही, कितीही मोठी ऑर्डर असली तरी. दर आणि डब्यांची संख्या व्हॉट्सॲपवर लिहून त्यांच्याकडून "ओके" घ्यायचं, मग ईमेलवर बिल.

यात एक माहिती तुमच्या कामाची. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. थकवले तर व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. पण नोंदणी माल द्यायच्या आधी करून ठेवा. माझी तेव्हा नव्हतीच, आणि ते १ लाख २३ हजार आजपर्यंत आलेले नाहीत. ते आता माझ्या वहीच्या दुसऱ्या रकान्यात आहेत.

चार, भागीदारी. मित्राबरोबर करताय तर करा, पण भागीदारीपत्र लिहा आणि फर्मची नोंदणी करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर उद्या कोर्टात जायची वेळ आली की हात बांधलेले राहतात. आणि घरातली अडचण एकमेकांना सांगायची, हेही त्या पहिल्याच दिवशी बोलून घ्या. माझा मित्र "मला पैशाची गरज आहे" असं म्हणाला असता तर मी दिले असते का? बहुतेक दिले असते. पण त्याला ते विचारता येईल असं वातावरण मी ठेवलं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो.

पाच, रात्री दहानंतर धंद्याचा कुठलाही निर्णय नाही. दहानंतर सगळे लोक चोर वाटतात आणि सगळी बिलं मोठी वाटतात. सकाळी परत बघायचं.

आणि हे सगळं करूनही छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असेल, झोप जात असेल, जगण्यातच अर्थ नाही असं मनात येत असेल, तर १४४१६ या नंबरवर फोन करा. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आपण बाईक बंद पडली की मेकॅनिकला फोन करतो ना, तसंच समजा.

आज आमचे ११० डबे जातात. श्रीमंत झालो नाही, नोकरी अजून चालू आहे. धाकधूकही पूर्ण गेलेली नाही. परवाच एका ऑफिसने पैसे दोन दिवस उशिरा दिले, तर मी पहाटे तीनला उठून बसलो होतो. पण बँकेचं ॲप उघडलं नाही. पाणी प्यायलो, म्हटलं उद्या सातला बघू, आणि झोपलो.

आणि हो, गाळ्याची एक किल्ली आता मावशींकडे असते. सकाळी सहाला त्याच शटर उघडतात.

तुमचा काही अनुभव असेल, फसल्याचा किंवा सावरल्याचा, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि कुणाचा राहिलेला पगार, उसने घेतलेले पैसे आठवत असतील, तर हा एपिसोड संपल्यावर आधी ते पाठवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, पण ठरलेल्या वेळीच करा!