मोबाइलवरचे दुकान आणि माझ्या चुका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने मोबाइलवरील जाहिरातीविषयी बोलावे, याचे माझे मलाच नवल वाटते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या हातून चुका झाल्यात ना? मग त्याच सांगा." चुकांचा साठा माझ्यापाशी भरपूर आहे.

मी घरी भाजणी, चकली, मेतकूट करून विकते. मुलीने व्हॉट्सॲपवर जाहिरात करायला शिकवले. दुकानाचे भाडे नाही की छपाईचा खर्च नाही, तेव्हा रोज सकाळी दिसेल त्या ग्रुपवर मी चकलीचे चित्र टाकू लागले. एके दिवशी आमच्या शेजारणीचे सासरे वारले. बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळे दोन शब्द दुःखाचे लिहीत होते. मी वरचे काही न वाचता त्याखाली टाकले, "ताजी खुसखुशीत चकली, आजच मागवा!" सुतकातल्या दारापुढे जाऊन आरोळीच ठोकली म्हणा ना. कोणी काही बोलले नाही. पण दरमहा भाजणी नेणारी ती शेजारीण यायची बंद झाली. शेवटी मी माफी मागायला गेले. ती म्हणाली, "चकलीचं काही नाही हो वहिनी, पण तुम्ही वाचलंसुद्धा नाही."

ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक. ग्रुप म्हणजे बाजार नव्हे, ती लोकांची ओसरी आहे. आता मी ब्रॉडकास्ट यादी केली आहे. एका यादीत २५६ माणसे बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. आधी मला ही अट जाचक वाटे. आता वाटते, ज्याने आपले नाव लिहून ठेवले, त्याच्याच दारी जावे. तेही रोज नव्हे. सणाच्या आधी, किंवा नवीन काही केले असेल तर.

दुसरी चूक उसन्या फोटोची. मी इंटरनेटवरून पिवळीधमक चकली उचलली होती. माझी भाजणीची चकली रंगाने काळसर. गिऱ्हाईक म्हणाले, "फोटोतली कुठे आहे?" शिवाय तो फोटो कुणा दुसऱ्याच्या मेहनतीचा! आता खिडकीच्या उजेडात, घरच्याच ताटलीत आपलाच माल ठेवून फोटो काढते.

तिसरी चूक, किंमत न सांगण्याची. "किमतीसाठी फोन करा" म्हटले की अर्धी माणसे तिथेच थांबतात. वजन, किंमत, केल्याची तारीख आणि किती दिवस टिकेल, हे आधीच लिहावे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये वस्तूंची यादी फोटो आणि किमतीसह लावून ठेवता येते. खाण्याचे पदार्थ घरून विकले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. तो १४ अंकी क्रमांक जाहिरातीत दिला की नव्या माणसाला भरवसा वाटतो.

चौथी चूक माझ्या अहंकाराची. फेसबुकवर एका बाईंनी लिहिले, "चकली मऊ पडली." मी ते पुसून टाकले. बाईंनी तेच आणखी तीन ठिकाणी लिहिले, आणि वर "तक्रार पुसतात" हेही जोडले! दोष मोहनाचा होता, बाईंचा नव्हे. हल्ली मी तिथेच सर्वांदेखत चूक कबूल करते आणि दुसरा घाणा पाठवते. पुष्कळ नवी गिऱ्हाइके ते उत्तर वाचूनच आली आहेत.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तेव्हा मोबाइल कुठला? पापड चांगला, म्हणून एकीने दुसरीला सांगितले. मोबाइलही तेच करतो, फक्त वेगाने. माल चांगला असेल तर कौतुक धावते आणि वाईट असेल तर बदनामी त्याहून जोरात धावते.

ती शेजारीण आता पुन्हा भाजणी नेते. पण आजही कुठे काही लिहिण्याआधी मी आधी वरचे वाचते. मैत्रिणींनो, आपणही एवढे करावे, ही विनंती.